बिऱ्हाड हलवताना आधी निर्णय, मग खोकी

घर बदलायचे ठरले की बहुतेक जण तयारीची सुरुवात खोकी आणि चिकटपट्टी आणण्यापासून करतात, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. सामान उचलण्याचे श्रम एक-दोन दिवसांत संपतात. आठवडेच्या आठवडे जो थकवा पाठ सोडत नाही तो शेकडो लहानसहान निर्णयांचा असतो. ही खुर्ची न्यायची का, ही वायर कशाची, हे कागद कुणाचे, हा स्वेटर कुणी घालणार आहे का? जुन्या घरात जे प्रश्न टाळले जातात ते खोक्यात बंद होऊन, गाडीत चढून नव्या घरात येतात आणि तिथे जागेच्या अडचणीसह पुन्हा समोर उभे राहतात. एका स्थलांतरात वेळ कमी आहे म्हणून मी अशी अकरा खोकी न निवडता बांधली होती. त्यांतली सहा दोन वर्षांनी उघडली आणि त्यांतील जवळजवळ सर्व वस्तू त्याच आठवड्यात घराबाहेर गेल्या. म्हणजे त्या बांधल्या, उचलल्या, उतरवल्या, दोन वर्षे जपल्या आणि मग टाकल्या. पुढील सर्व मांडणी त्या अनुभवातून आलेल्या एका नियमावर उभी आहे: घरातील ज्या भागाचे निर्णय पूर्ण झालेले नाहीत, त्या भागातील एकही खोके बांधायचे नाही.

ताण येणार हे आधीच मान्य करावे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांना त्यांच्यामुळे कराव्या लागणाऱ्या जुळवाजुळवीनुसार गुण दिले. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि राहते घर बदलण्याला २० गुण होते. वीस हा आकडा लहान वाटतो, परंतु घर बदलणे सहसा एकटे येत नाही. लग्न (५०), घटस्फोट (७३), निवृत्ती (४५) किंवा कामाच्या क्षेत्रातील बदल (३६) यांपैकी काहीतरी त्याच्या मागे किंवा सोबत असते. म्हणून एखाद्या कपाटासमोर बसून अचानक रडू आले किंवा घरातल्या माणसांवर चिडचिड झाली, तर त्याचे कारण त्या कपाटातच शोधू नये आणि त्या दिवशीचे काम तिथेच थांबवावे.

वेळ किती लागेल

आपले अंदाज चुकतातच, आणि ते नेहमी एकाच दिशेने चुकतात. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. घर आवरण्याचे काम प्रबंधाइतके अवघड नसले तरी त्याचे स्वरूप तसेच आहे: लांबचे, अनेक तुकड्यांचे आणि मध्येच अडणारे.

यावर साधा उपाय असा की अंदाज डोक्यातून न काढता मोजमापातून काढावा. घरातील एक मध्यम भरलेला कप्पा निवडावा, घड्याळ लावून तो पूर्ण निवडावा आणि लागलेला वेळ लिहावा. मग घरातील सर्व कप्पे, खण, माळे आणि पलंगाखालचे साठे मोजून त्या संख्येने गुणावे. उत्तर पाहून बहुतेकांना धक्का बसतो. एका कुटुंबाच्या नेहमीच्या घरासाठी आठ आठवडे आधी सुरुवात करणे मला योग्य वाटते: पहिले पाच आठवडे फक्त निवड, पुढचे दोन बांधाबांध आणि शेवटचा आठवडा राहिलेल्या कामांसाठी मोकळा. रोज दीड तास पुरतो. सुटीच्या दिवशी सलग दहा तास बसण्याचा बेत सहसा फसतो, कारण सहाव्या तासानंतर माणूस प्रत्येक वस्तूला "असू दे" म्हणू लागतो.

हातात दोनच आठवडे असतील तर मोठ्या वस्तूंचे निर्णय आधी घ्यावेत. एक सोफा नाकारल्याने जेवढी जागा आणि कष्ट वाचतात, तेवढे शंभर लहान वस्तू चाळूनही वाचत नाहीत.

आधी नव्या घराची मापे

वस्तू आवडते का, या प्रश्नापेक्षा ती मावेल का, हा प्रश्न कितीतरी सोपा आहे, आणि त्याचे उत्तर मोजपट्टी देते. नव्या घरात शक्य तितक्या लवकर जाऊन प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खिडक्यांची जागा आणि उंची, दार कोणत्या बाजूला उघडते, विजेचे बोर्ड कुठे आहेत आणि प्रत्येक दाराची चौकटीच्या आतून मिळणारी रुंदी लिहून घ्यावी. जिन्याचे वळण आणि लिफ्टची खोली मोजायला लोक हमखास विसरतात. खोलीत मावणारे कपाट वळणावर अडले, तर ते सोडवण्याची वेळ सामान उतरवण्याच्या दिवशी, सर्वांच्या डोळ्यांदेखत येते.

घरी आल्यावर चौकटींच्या कागदावर एका मीटरला चार सेंटीमीटर या प्रमाणात खोल्या काढाव्यात, त्याच प्रमाणात फर्निचरचे तुकडे कापावेत आणि ते सरकवून पाहावेत. चालण्यासाठी किमान पाऊण मीटर मोकळी वाट सोडल्यानंतर जे तुकडे कागदाबाहेर राहतात, त्यांचा निर्णय कागदानेच केलेला असतो.

कपाटांच्या आतील फळ्यांची लांबीही अशीच मोजावी. सध्या पुस्तकांसाठी नऊ मीटर फळी आहे आणि नव्या घरात पाचच मीटर मिळणार आहे, हे एकदा कळले की "कोणती पुस्तके द्यावीत" हा प्रश्न "कोणती पाच मीटर पुस्तके न्यावीत" असा होतो. मनाला दुसरा प्रश्न पेलतो, कारण त्यात गमावण्याऐवजी निवडण्याचे काम असते.

निवडीचा क्रम

कपाटातून जुने फोटो बाहेर काढून सुरुवात केली की पहिलाच दिवस संपतो. निवड नेहमी मन न गुंतलेल्या वस्तूंपासून करावी आणि आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी ठेवाव्यात. प्रथम उघड निरुपयोगी गोष्टी: मुदत संपलेली औषधे आणि सौंदर्यप्रसाधने, झाकण हरवलेले डबे, बंद पडलेली उपकरणे, कशाच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेल्या वायर. त्यानंतर एकाहून अधिक असलेल्या वस्तू, मग चादरी-टॉवेल, स्वयंपाकघर, कपडे, पुस्तके, कागदपत्रे, आणि सर्वांत शेवटी पत्रे, फोटो आणि भेटवस्तू.

एका वेळी एकच कप्पा पूर्ण रिकामा करावा आणि वस्तूंचे चार ढीग करावेत: न्यायच्या, द्यायच्या किंवा विकायच्या, भंगार-रद्दीच्या आणि "नंतर ठरवू" अशा. चौथा ढीग उदारपणे वापरला तर तो सगळे घर गिळतो, म्हणून त्याला संपूर्ण घरासाठी एकच खोके द्यावे. ते भरले असताना त्यात नवी वस्तू घालायची असेल, तर आधीची एक बाहेर काढून तिचा निर्णय तत्काळ करावा. द्यायच्या वस्तू त्याच आठवड्यात घराबाहेर गेल्या पाहिजेत. दाराशी पंधरा दिवस पडलेल्या पिशवीतून वस्तू एकेक करून पुन्हा कपाटात परततात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. विकण्याबाबत माझे मत कठोर आहे. प्रत्येक किरकोळ वस्तूचे फोटो काढणे, चौकशांना उत्तरे देणे आणि भाव ठरवणे यांत जो वेळ जातो, तो या दिवसांत तुमच्याकडे नसतो. चार-पाच खरोखर मौल्यवान वस्तू विकाव्यात आणि बाकीच्या ज्याला उपयोगी पडतील त्याला देऊन मोकळे व्हावे.

हात का सुटत नाही

आपल्याकडे असलेली वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या किमतीपेक्षा मोलाची वाटते, हे डॅनिएल काहनेमन, जॅक नेश आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले. काही जणांना कॉफीचे मग देऊन ते किती किमतीला विकाल असे विचारले, आणि मग न मिळालेल्यांना किती किमतीला घ्याल असे विचारले; विकणाऱ्यांची अपेक्षा घेणाऱ्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग त्यांच्याकडे येऊन थोडाच वेळ झाला होता. दहा वर्षे कपाटात असलेल्या वस्तूची पकड किती घट्ट असेल, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून वस्तू हातात धरून "ही टाकू का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा "नको" असेच येते. त्याऐवजी "ही आज माझ्याकडे नसती, तर मी ती पैसे देऊन आणली असती का?" असे विचारावे. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: मागच्या पूर्ण वर्षात, म्हणजे सगळे ऋतू धरून, ही एकदा तरी वापरली का? महाग होती, हे कारण ठेवण्यासाठी पुरेसे नाही. पैसे त्या दिवशीच खर्च झाले. वस्तू नेल्याने ते परत येत नाहीत, उलट वाहतुकीचा भार वाढतो. "लागेल कधीतरी" या कारणाला मी एक मर्यादा घालते: जी वस्तू सहज आणि थोडक्यात पुन्हा मिळू शकते ती सोडावी आणि जी पुन्हा मिळणार नाही तिच्याबद्दल सवडीने विचार करावा.

आठवणींच्या वस्तूंबाबत मात्र ही फूटपट्टी चालत नाही. कुणी दिलेला, आता न होणारा सदरा उपयोगासाठी ठेवलेला नसतोच. केरन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांच्या २०१७ च्या संशोधनात एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत वस्तुदानाची मोहीम घेतली होती. काही वसतिगृहांत नुसते दानाचे आवाहन होते आणि काहींत भावनिक वस्तूचा आधी फोटो काढून मग ती द्या, असे सुचवले होते. दुसऱ्या गटात दान सुमारे १५ टक्क्यांनी अधिक झाले. वस्तूसोबत आपली ओळख हरवेल ही भीती फोटोमुळे कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. मी यात एक भर घालते: फोटोखाली दोन-तीन ओळी लिहाव्यात, ही कुणाची, कधीची, तिचे काय झाले. नुसता फोटो काही वर्षांनी मुका होतो. जे सोडवत नाही ते अपराधीपणा न बाळगता न्यावे. प्रत्येकासाठी एक ठरावीक आकाराची पेटी असावी आणि तिच्यात काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

घरातल्या एखाद्या व्यक्तीला निरुपयोगी वस्तूही सोडताना तीव्र यातना होत असतील आणि साठ्यामुळे खोल्या वापरता येईनाशा झाल्या असतील, तर तो आळस नसून आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने मानसिक विकारांच्या २०१३ च्या वर्गीकरणात साठेबाजीच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले आहे. अशा माणसाच्या वस्तू त्याच्या पाठीमागे टाकल्याने विश्वास तुटतो आणि साठा पुन्हा वाढतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.

हाच नियम सौम्य स्वरूपात सर्वांना लागू आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय आपण घेऊ नये. लहान मुलांना त्यांचे एक खोके, रंगीत पेन आणि त्यावर स्वतःचे नाव लिहिण्याची मोकळीक द्यावी. घर बदलावे की नाही हे त्यांना विचारलेले नसते, निदान कोणते खेळणे सोबत असेल हे तरी त्यांच्या हाती राहावे. वृद्धांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. त्यांच्या खाटेशेजारची मांडणी, दिवा, चष्मा, घड्याळ, औषधांचा डबा यांचा फोटो काढून ती नव्या खोलीत पहिल्याच संध्याकाळी जशीच्या तशी उभी करावी, म्हणजे रात्री अंधारात हात जिथे जातो तिथे वस्तू सापडते.

कागद, उपकरणे आणि धोक्याच्या वस्तू

ओळखपत्रे, मालमत्तेचे कागद, पदव्या, विमा आणि वैद्यकीय अहवाल यांच्या मूळ प्रती एकाच फाइलमध्ये घालून स्वतःच्या हातातल्या पिशवीत न्याव्यात आणि त्यांची स्कॅन केलेली प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नाव, खाते क्रमांक किंवा सही असलेले नको असलेले कागद बारीक फाडूनच रद्दीत टाकावेत. जुना फोन किंवा संगणक देण्यापूर्वी हवी ती माहिती उतरवून घ्यावी, खात्यांतून बाहेर पडावे, सिम आणि मेमरी कार्ड काढावे आणि मग फॅक्टरी रीसेट करावा.

रंग, थिनर, इंधन, गॅसचे डबे, फटाके आणि तीव्र रसायने सामानाच्या गाडीत भरू नयेत. बंद गाडीतील उष्णतेने आग लागण्याची शक्यता असते. फुगलेल्या किंवा खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकू नयेत, ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्याव्यात. औषधे गटारात ओतू नयेत.

बांधाबांध

निर्णय झालेले असले की हे काम आश्चर्य वाटावे इतके वेगाने होते. जड वस्तू लहान खोक्यात आणि हलक्या मोठ्या खोक्यात, हे सूत्र धरावे. अमेरिकेतील नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीतही एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. जिना आणि अवघड पकड लक्षात घेता घरच्या खोक्यांसाठी १५ किलोच्या आत राहावे. पुस्तके लहान खोक्यांतच भरावीत. ताटे आडवी एकावर एक न रचता कागद गुंडाळून कडेवर उभी ठेवावीत, कारण आडव्या थप्पीत हादऱ्याचा सारा भार खालच्या ताटावर येतो. खोक्यात पोकळी राहू देऊ नये. ती टॉवेल आणि कपड्यांनी भरावी.

खोक्यावरचा मजकूर वर न लिहिता दोन बाजूंवर लिहावा, कारण रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा, त्यावर नव्या घरातील खोलीचे नाव लिहावे आणि आतल्या वस्तूंची यादी वहीत त्या क्रमांकापुढे ठेवावी. "इतर" असे लिहिलेले खोके म्हणजे न घेतलेला निर्णय. ते पुन्हा उघडून निवडावे. मौल्यवान वस्तू असलेल्या खोक्यावर आत काय आहे हे लिहू नये, केवळ क्रमांक पुरेसा आहे.

टीव्ही आणि संगणकाच्या वायर काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो घ्यावा. पलंग किंवा टेबल सुटे करताना निघालेले स्क्रू पिशवीत घालून ती त्याच फर्निचरला चिकटवावी. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून बर्फ वितळू द्यावा आणि तो उभाच न्यावा. आडवा करावा लागला तर नव्या घरात उभा केल्यावर काही तास थांबून मग सुरू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर परतते. पुढून कपडे घालायच्या वॉशिंग मशिनचे ड्रम घट्ट धरणारे बोल्ट मशिनसोबत आलेले असतात. ते सापडले तर नेताना नक्की लावावेत आणि सुरू करण्याआधी न विसरता काढावेत.

एकच वही

घर बदलण्याच्या काळात रात्री झोप उडते ती बहुधा अर्धवट राहिलेल्या कामांच्या आठवणीने. ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बॉमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असे दिसले की अपुरे काम मनात घोळत राहते, पण ते कधी आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली की काम पूर्ण होण्याआधीच ते घोळणे कमी होते. म्हणून "पत्ता बदलणे" अशी नोंद पुरेशी नाही. "मंगळवारी सकाळी बँकेत पत्ता बदलण्याचा अर्ज देणे" अशी नोंद हवी. बँक, विमा, नोकरीचे ठिकाण, शाळा, दवाखाना, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट आणि ओळखपत्रे या प्रत्येकापुढे वार आणि नाव असावे. वही एकच असावी आणि घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी असावी, नाहीतर सगळ्या आठवणींचा भार एकाच व्यक्तीच्या डोक्यावर राहतो, आणि तो वाहणारी व्यक्ती कोण असते हे प्रत्येक घराला माहीत असते.

पहिली रात्र आणि पुढचे दिवस

गाडीत सर्वांत शेवटी चढणारे आणि सर्वांत आधी उतरणारे एक खोके वेगळे बांधावे: चादरी, टॉवेल, साबण, टूथब्रश, औषधे, चार्जर, कात्री, बल्ब, विजेरी, पाण्याच्या बाटल्या आणि एका दिवसाचे कपडे. सामान येण्याआधी नव्या घरातल्या प्रत्येक दारावर खोलीचे नाव चिकटवावे, म्हणजे उचलणाऱ्यांना दर वेळी विचारावे लागत नाही. निघण्यापूर्वी जुन्या घरातील मीटरच्या आकड्यांचे आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो घ्यावेत आणि सगळे खण व माळे पुन्हा एकदा उघडून पाहावेत.

पहिल्या संध्याकाळी पलंग जोडून अंथरुणे घालावीत आणि बाकी सर्व सोडून द्यावे. मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धभाग अधिक जागरूक राहतो. त्यामुळे झोप नीट लागली नाही तर घराची निवड चुकली असा अर्थ काढू नये, आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाची कामे ठेवू नयेत.

खोकी उघडताना आधी झोपण्याची जागा, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, आणि एक खोली पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरू न करणे, असा क्रम ठेवावा. डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांच्या २०१० च्या अभ्यासात ज्या स्त्रिया आपल्या घराचे वर्णन पसरलेले आणि अपुरे अशा शब्दांत करत होत्या, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पूर्ण लागलेली एक खोली असली की बाकीच्या पसाऱ्यातून उठून तिथे जाऊन बसता येते. रिकामी खोकी रोजच्या रोज घराबाहेर काढावीत.

तीन महिन्यांनंतरची एक तारीख वहीत आधीच लिहून ठेवावी. त्या दिवशी न उघडलेली खोकी आणि ते "नंतर ठरवू" खोके घेऊन बसावे, आणि उघडण्याआधी आत काय आहे हे यादी न पाहता आठवून कागदावर लिहावे. जे लिहिता आले नाही, त्याच्या अभावी तीन महिने काही अडले नव्हते. त्या वस्तूंपैकी आठवणींच्या पेटीत जाण्याजोग्या तेवढ्या वेगळ्या काढून उरलेल्या त्याच दिवशी द्याव्यात.